हल्ली काय वाचताय, ताई?

या वेळी पत्रांचा आणि मेलचा ढीग उघडला तर निम्म्या लोकांनी सल्ला मागायच्या ऐवजी मलाच पकडलंय, तुम्ही आम्हाला सारखं हे वाचा ते वाचा सांगता, स्वतः काय वाचता ते पण सांगा की एकदा. बरोबर आहे तुमचं. म्हणून नाशिकरोडच्या एका दादांचा लांबलचक प्रश्न पहिला घेतलाय, त्याचं उत्तर त्याहून लांबलंय, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो, जाऊन येऊन सहा-सात तास गाडीतच जातात. मोबाईल बघून बघून डोळे चुरचुरायला लागले म्हणून परत पुस्तकं सुरू केली. गेल्या काही महिन्यांत वाचलेलं सांगतो. नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' (मस्त, एका दमात), धारपांच्या दोन कादंबऱ्या (रात्रीच्या गाडीत वाचल्या, कसाऱ्याच्या बोगद्यात जाम टरकली), 'शाळा' (दोनदा वाचलं), 'एक होता कार्व्हर' (सगळे म्हणतात म्हणून वाचलं, ठीक वाटलं), 'पर्व' (चालू आहे, जड आहे पण सुटत पण नाही), 'कोसला' (ऐंशी पानांवर सोडलं). आमच्या डब्यात एक काका आहेत, ते म्हणतात असं इकडचं तिकडचं वाचून काही हाती लागत नाही, एक लेखक धरा आणि त्याचं सगळं वाचा. तुमचं काय मत? आणि तुम्ही हल्ली काय वाचलं ते पण लिहा, परीक्षणाच्या भाषेत नको प्लीज.
एक चाकरमाने, नाशिकरोड

उत्तर : दादा, आधी काकांना माझा नमस्कार सांगा. एक लेखक धरून तळापर्यंत जायचं यात वाईट काहीच नाही, कॉलेजात असताना मी जी. ए. कुलकर्णींच्या मागे अशीच लागले होते. पण इकडचं तिकडचं वाचून हाती काही लागत नाही हे मला बिलकुल पटत नाही, आणि त्याला पुरावा तुमच्याच यादीत आहे.

नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा घ्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती पाठवली ती स्वतःच्या नावाने नाहीच. नारायण विनायक जगताप असं नाव घातलं, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून. केंब्रिजहून आलेला नावाजलेला शास्त्रज्ञ बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये एवढाच हेतू. कथेला पहिला नंबर मिळाला, मग नाव बाहेर आलं. हा किस्सा बहुतेकांना माहीत असतो आणि सगळे त्यावर कौतुकाने हसतात, मी पण हसायचे. मग मध्यंतरी बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' परत वाचायला काढलं. बागुल विहितगावचे, म्हणजे तुमच्या नाशिकरोडच्या अगदी शेजारचे. १९६३ चं पुस्तक आहे. त्यातल्या ज्या कथेवरून पुस्तकाला नाव पडलं तिच्यातला तरुण गुजरातेत रेल्वेत नोकरीला लागतो, शिकलेला, कविता करणारा, आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. बागुलांनी स्वतः सुरतेला रेल्वेत काम केलेलं होतं, त्यामुळे त्या कथेतली भीती कुठून आली ते वेगळं सांगायला नको. ज्या माणसाला लोक आत्तापर्यंत मान देत होते त्यालाच खरं कळल्यावर मारतात.

आता ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा. एकाने ओळख लपवली कारण त्या नावाचं वजन फार होतं, दुसऱ्याने लपवली कारण ती सांगितली तर डोक्यावर छप्पर मिळणार नाही. एकाचं नाव उघड झाल्यावर टाळ्या, दुसऱ्याचं उघड झाल्यावर लाथा. नारळीकरांची सगळी पुस्तकं ओळीने वाचली असती तरी हे माझ्या डोक्यात आलं नसतं, आणि फक्त दलित साहित्य एके दलित साहित्य वाचलं असतं तरी आलं नसतं. विज्ञानकथेच्या शेजारी बागुल योगायोगाने पडले म्हणून आलं. काकांना एवढंच सांगा, पुस्तकं एकमेकांशी बोलतात, पण त्यासाठी ती वेगवेगळ्या घरची असावी लागतात.

बाय द वे, नारळीकर मस्त म्हणालात, मला पण आवडतात, पण पात्रं त्यांची कधीच लक्षात राहत नाहीत. दोन शास्त्रज्ञ किंवा एक शास्त्रज्ञ आणि एक मित्र, मित्र प्रश्न विचारणार आणि शास्त्रज्ञ समजावणार. संवाद म्हणजे पुष्कळदा चांगल्या मास्तरांचा तास. तरीही कल्पना अशी असते की पुस्तक मिटल्यावर ती डोक्यात चालत राहते. 'उजव्या सोंडेचा गणपती' मध्ये क्रिकेटची मॅच, डावं-उजवं आणि आरशातली प्रतिमा यांची जी गंमत केलीय ती मी भाच्याला तोंडी सांगितली तर तो तासभर आरशासमोरून हलला नाही. २०२१ च्या डिसेंबरात आपल्याकडे नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष नारळीकर, पण तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, ती रुखरुख माझ्यासारख्या अनेकांना अजून आहे. आता तर ते गेलेच.

धारपांबद्दल थोडक्यात. भीती तयार करण्यात हा माणूस उस्ताद होता, वाडा, बंद खोली, कुणीतरी आजारी म्हातारं, आणि कुणीच नीट काही बोलत नाही असं घर. 'तुंबाड' पिक्चरची मूळ कल्पना त्यांच्या 'आजी' कथेची. पण त्यांच्या कथांतले ते भुतांना पुरून उरणारे समर्थ आले की माझी भीती जाते, कारण आता हे सगळं निस्तरणार हे कळतं. आणि काही कादंबऱ्यांवर स्टीफन किंगची सावली इतकी दाट आहे की मूळ वाचलेल्याला पुढचं पान आधीच माहीत असतं. टाइमपास म्हणून हिणवू नये मात्र. घाबरवायचं ठरवलं आणि तुम्ही गाडीभर माणसांत घाबरलात, काम झालं की त्याचं.

खरं सांगू का, मला धारपांपेक्षा जास्त भीती 'स्मृतिचित्रे' मधल्या सुरुवातीच्या पानांची वाटते. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर जलालपूर, इथे गोदावरीकाठी, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घरातली वस्तू न् वस्तू धुवायची, बायकामुलांनी सतत धाकात राहायचं, कुणी कशाला शिवलं तर काय होईल याचा नेम नाही. भूत नाही, बंद खोली नाही, पण ते घर वाचताना छाती दडपते. आणि गंमत म्हणजे बाई हे सगळं हसत हसत सांगतात. असं सांगणं मराठीत पुन्हा कुणाला जमलेलं नाही हे माझं ठाम मत आहे, भांडायचं असेल त्यांनी खुशाल पत्र पाठवा.

हे पुस्तक मी या पावसाळ्यात परत वाचलं आणि या खेपेला एक वेगळीच गोष्ट दिसली. आपण सगळे ते पुस्तक 'रेव्हरंड टिळकांच्या बायकोची आठवण' म्हणून वाचतो, टिळक कसे विक्षिप्त, घरात पैसा कसा टिकायचा नाही, लहर लागली की कुठेही निघून जायचे, १८९५ ला ख्रिस्ती झाले तेव्हा बाईंवर काय आकाश कोसळलं, वगैरे. ते आहेच. पण मधला भाग बघा, बाई काही वर्षांनी नवऱ्याकडे राहायला येतात तेव्हा धर्म बदललेला नाही, स्वतःचं सोवळं वेगळं सांभाळतात, आणि मग हळूहळू, कुणी प्रवचन दिलं म्हणून नाही तर स्वतः विचार करून करून, ते सोडतात. शाळेची पायरी न चढलेली बाई, लिहावाचायला शिकली ती लग्नानंतर, आणि ती स्वतःच्या डोक्यातली जात कशी एकेक धागा करून उसवली ते सांगते. कुठेही 'मी किती पुढारलेली' असा आव नाही. १९३४ पासून भागाभागाने छापलं गेलेलं हे पुस्तक. बागुलांच्या आधी ते किंवा नंतर ते वाचा, पण एकाच महिन्यात वाचा. एक जात लपवतोय कारण जग सोडत नाही, एक जात टाकतेय आणि जग तिलाच वेडी म्हणतंय, आणि दोघं याच तालुक्यातले. शाळेच्या सहली आपण काळाराम मंदिराला नेतो, नेल्याच पाहिजेत, १९३० चा सत्याग्रह तिथलाच. पण येताना बसमध्ये यातली चार पानं कुणीतरी मोठ्याने वाचावीत.

आता 'शाळा' आणि 'कोसला'. 'शाळा' दोनदा वाचलंत म्हणजे तुम्हाला जोश्याचा तो आवाज आवडतो, नववीतला पोरगा, आणीबाणीचे दिवस, शिरोडकरसाठी क्लासच्या रस्त्यावर घुटमळणं. मला पण आवडतं, पण बोकिलांनी पोरांना जरा जास्तच गोड ठेवलंय असं मला वाटतं. 'कोसला' मधला पांडुरंग सांगवीकर अजिबात गोड नाही. ऐंशी पानांवर सोडलंत म्हणजे होस्टेल, मेस, गॅदरिंग यात कंटाळलात, १९६३ पासून पुष्कळ लोक तिथेच कंटाळतात, ते नॉर्मल आहे. माझा सल्ला, आता सोडलंय तर राहू दे, पण टाकून देऊ नका. कधीतरी परत उचललंत तर मनी या बहिणीच्या मृत्यूचा भाग येईपर्यंत तरी थांबा. मराठीत दुःखावर इतकं कोरडं आणि इतकं खोल कुणी लिहिलं असेल असं मला आठवत नाही. तिथून मागची सगळी थट्टा वेगळी दिसायला लागते. तरी नाही आवडलं तर नाही आवडलं, नेमाड्यांना २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं म्हणून तुम्हाला आवडलंच पाहिजे असा काही जीआर नाही.

कार्व्हर ठीक वाटलं असं लिहायला धाडस लागतं हं. १९८१ पासून शाळांतल्या बक्षिसात ते पुस्तक इतकं वाटलं गेलंय की त्याच्याबद्दल वाकडं बोललं तर लोक दुखावतात. मला त्यातलं बालपण फार आवडतं, गुलामीत जन्मलेलं, आईपासून तुटलेलं, किरकिरं पोर आणि त्याचा झाडांचा नाद. टस्कीगीला गेल्यावर मात्र माणूस कमी दिसतो आणि संत जास्त. त्याला कधी राग आला असेल, कुणाचा हेवा वाटला असेल, ते कुठे आहे? वीणा गवाणकरांनी प्रेमाने लिहिलंय, तेच त्याचं बळ आणि तीच त्याची मर्यादा. मुलांना जरूर द्या, मोठ्यांनी मात्र 'ठीक' म्हटलं तर मी वाईट वाटून घेणार नाही.

'पर्व' सुटत नाहीये ते चांगलं लक्षण आहे. भैरप्पांनी महाभारतातले चमत्कार काढून टाकले आणि उरली ती म्हातारी होत चाललेली, दमलेली माणसं. मला सगळ्यात काय आवडलं सांगू, युद्ध म्हणजे किती घाण असते ते. एवढ्या लाखो माणसांनी खायचं काय, हागायचं कुठे, मेलेल्यांचं करायचं काय, वास किती येत असेल. टीव्हीवरच्या महाभारतात बाण हवेत एकमेकांवर आपटतात, इथे शिबिरात माशा घोंघावतात. तक्रार एवढीच की कुंती असो, द्रौपदी असो, भीम असो, सगळे आठवणीत शिरले की एकाच सुरात विचार करतात. ट्रेनमध्ये सलग वाचू नका, एका वेळी एक पात्र घ्या. आणि अनुवाद उमा कुलकर्णींचा, त्यांची पद्धत भारी आहे, त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून दाखवायचे आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. म्हणूनच बहुतेक त्या मराठीला बोलण्याचा ओघ आहे, अनुवादाची ठेच कुठे लागत नाही.

बाकी मी काय वाचलं? दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६ चं, ते मी सलग वाचत नाही, जो महिना चालू त्याचं प्रकरण काढते. चैत्राचं चैत्रात वाचलं तर गंगापूर रोडला जी काय झाडं उरलीत त्यांच्याकडे मान वर करून बघावंसं वाटतं. भाषा दाट आहे, घाई असणाऱ्याने जाऊच नये तिथे. वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' वाचलं, ते इथल्या एचपीटी कॉलेजात प्राध्यापक होते हे आता नव्या पोरांना माहीत पण नसतं. संवाद वरच्या पट्टीतले आहेत, आजच्या कानाला जरा जास्त वाटतात, पण शिवाजी-संभाजी बाजूला ठेवून बाप आणि मुलगा म्हणून वाचा, घरोघरी हेच चाललेलं असतं. आणि एक यशस्वी कसं व्हावं छापाचं गाजलेलं पुस्तक वाचलं, भाचीने आग्रह केला म्हणून. पहिल्या प्रकरणात जे सांगितलं तेच शेवटच्या प्रकरणापर्यंत सांगितलंय, नाव लिहीत नाही, भाची हे सदर वाचते.

प्रश्न : पुस्तक अर्धवट सोडलं की मला गिल्टी वाटतं. काय करू?
विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : काही करू नकोस. सोड आणि दुसरं घे. फक्त दोन पुस्तकं अशी असतात, एक कंटाळवाणं आणि एक अवघड, ती ओळखायला शीक. कंटाळवाणं पुस्तक ठेवल्यावर आठवत नाही. अवघड पुस्तक कपाटातून बघत राहतं.

प्रश्न : नमस्कार ताई, मी प्रेसमधून रिटायर झालो, आता वेळच वेळ आहे. आयुष्यभर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या, 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'पानिपत' सगळी दोन-तीनदा. नातू इंजिनीअर आहे, तो म्हणतो आजोबा हे सगळं फिक्शन आहे, याला इतिहास म्हणू नका. मला राग आला. कोण बरोबर?
एक आजोबा, जेल रोड

उत्तर : काका, राग येणं साहजिक आहे पण नातवाचं बरोबर आहे, आणि तुमचं प्रेम पण बरोबर आहे. १९६२ च्या 'स्वामी' मधले माधवराव आणि रमाबाई जसं बोलतात तसं कुठल्याही कागदात सापडणार नाही, ते रणजित देसाईंचं देणं आहे. माधवराव क्षयाने गेले, थेऊरला, १७७२ साली, हा इतिहास. त्या खोलीत कोण कुणाकडे कसं बघितलं ही कादंबरी. गोंधळ होतो कारण देसाई इतकं गोड लिहितात की आपल्याला ते बघितल्यासारखं वाटतं.

तुम्हाला वेळ आहे म्हणताय तर एक उद्योग सुचवते, मला स्वतःला करताना फार मजा आली. पानिपत घ्या, १४ जानेवारी १७६१. विश्वास पाटलांची कादंबरी तुमची वाचलेली आहेच, १९८८ ची. आता त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' आणा. तिथे अश्रू नाहीत, तिथे धान्य, पैसा, अंतर, कोण कुणाला का सामील झालं नाही, याचा हिशोब आहे, आणि शेजवलकर कुणाचीच भीड ठेवत नाहीत. सुरुवातीला रुक्ष वाटेल, पन्नास पानं दम धरा. मग तिसरी गोष्ट, नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. त्यात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे पानिपत जिंकले. पुढे हिंदुस्थानचं काय झालं असतं ते वाचा. एकच लढाई, एक माणूस रडवतो, एक हिशोब मांडतो, एक विचारतो की असं झालं नसतं तर. तीनही वाचून झाल्यावर नातवाला बोलवा आणि वाद घाला, तेव्हा तो गप्प बसेल किंवा स्वतः वाचायला घेईल, दोन्हीत तुमचाच फायदा.

आणि 'स्वामी' चौथ्यांदा वाचणारच असाल तर मध्येच एकदा आनंदवल्लीला चक्कर मारून या. राघोबादादांचा तिथे मुक्काम असायचा, गावाचं नाव आनंदीबाईंवरून पडलं असं सांगतात. माधवरावांच्या आई गोपिकाबाई शेवटच्या काळात पुणं सोडून इकडे गंगापूरलाच येऊन राहिल्या होत्या. कादंबरीतली ही सगळी मोठी माणसं रागावून, रुसून आपल्याच गावच्या रस्त्याने यायची. आता त्या रस्त्याला फ्लॅटस्कीम आणि हॉटेलं आहेत, पण नदी तीच आहे.

प्रश्न : मॅडम मी सातपूरला कंपनीत आहे, शिफ्टमुळे वाचायला होत नाही, येता जाता बाईकवर, म्हणजे कानात हेडफोन घालून स्टोरीटेलवर पुस्तकं ऐकतो. मित्र म्हणतो ऐकणं म्हणजे वाचणं नाही. खरंय का?

उत्तर : आधी बाईकवर हेडफोन काढा. त्र्यंबक रोडला ट्रक किती असतात ते मला सांगायला लावू नका. घरी, जेवताना, झोपायच्या आधी ऐका.

मित्राचं म्हणाल तर कुठलं पुस्तक ऐकताय त्यावर आहे. आपल्याकडे पोथी एक जण वाचायचा आणि गल्ली ऐकायची, त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही. 'स्मृतिचित्रे' तर ऐकायचंच पुस्तक आहे, बाई बोलतातच त्यात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ऐका, १९५५ ची छोटी कादंबरी, ओसाड वाडीवर आलेला तरुण मास्तर, धनगरांची पोरं आणि दुष्काळ, वाक्यं इतकी छोटी की कानाला सोपी जातात. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी ऐकायला उत्तमच. मात्र जी. ए. कुलकर्णी ऐकू नका, 'काजळमाया' मधल्या कथेत एका वाक्यावर थांबून मागे जावं लागतं आणि मोबाईलवर मागे जायला बोट चालत नाही. कविता ऐकायची तर आधी वाचून मग ऐका, कारण वाचणारा स्वतःचा सूर लावतो आणि मग तोच सूर आपल्या डोक्यात बसतो.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, फक्त जपानी मांगा वाचतो, 'वन पीस' का काय ते. मराठी पुस्तक पुढे केलं की तोंड वाकडं.
एक आई, इंदिरानगर

उत्तर : त्या मालिकेचे शंभरच्या वर भाग आहेत, १९९७ पासून चालू आहे. एवढं चिकाटीने वाचणाऱ्या पोराला वाचत नाही कसं म्हणायचं? त्याच्याकडूनच एक भाग मागून घ्या आणि वाचा, उजवीकडून डावीकडे जायचं असतं, पहिली दहा पानं डोकं फिरतं. मग त्याच्याशी बोला. बारावी झाली की धारपांचं एखादं पुस्तक सोफ्यावर 'चुकून' विसरून जा. हातात देऊ नका.

प्रश्न : लग्न होऊन नाशिकला आले, आता इतकी वर्षं झाली, पण कुसुमाग्रजांचं 'कणा' सोडून काहीच वाचलेलं नाही. २७ फेब्रुवारीला सगळे काय काय म्हणतात, मी मान हलवते. कुठून सुरू करू?
गृहिणी, पंचवटी

उत्तर : मान हलवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, निश्चिंत राहा. सगळे तुम्हाला 'विशाखा' सांगतील आणि ते बरोबरच आहे, १९४२ चा संग्रह, वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन काढलेला. पण पहिल्या पानापासून सुरू करू नका. त्यातल्या क्रांतीच्या कविता गाजल्या आणि आपण शाळेत पाठ केल्या म्हणून त्याच दिसतात. तुम्ही थेट 'पृथ्वीचे प्रेमगीत' काढा. पृथ्वी सूर्याशी बोलतेय, बाकीचे ग्रहतारे तिच्या मागे लागलेत आणि तिला कुणीच नको आहे, सूर्यापासून दूर राहून झुरणं पण चालेल. खगोलशास्त्र आणि प्रेम एकाच कवितेत, आणि शेवटी पृथ्वीची जी ऐट आहे ना, ती वाचताना मला अजून अंगावर काटा येतो. मग 'कोलंबसाचे गर्वगीत', ते मात्र मोठ्याने, घरात कुणी नसताना.

नाटकांत 'नटसम्राट' वाचा, पाहिलेलं असलं तरी. १९७० मध्ये डॉ. लागूंनी ते उभं केलं आणि नंतर सिनेमा आला, त्यामुळे आपल्या कानात स्वगतंच बसलीत. पुस्तकात वाचताना मला आप्पासाहेबांची बायको कावेरी जास्त दिसली. आप्पासाहेब बोलत सुटतात आणि ती बाई सगळं आधीच ओळखून असते, त्याला सांगते पण, तो ऐकत नाही. स्टेजवर नटाचा आवाज तिला झाकून टाकतो.

माझं एक जरा वाईट मत पण सांगते, त्यांच्या कादंबऱ्यांच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका. कविता आणि नाटकातला माणूस तिथे अर्धाच भेटतो.

प्रश्न : सावानाची (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) मेंबरशिप घ्यावी की पुस्तकं विकत घ्यावी? बजेट थोडं आहे.

उत्तर : दोन्ही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, तिथे जी जुनी पुस्तकं हाताला लागतात ती दुकानात मिळणार नाहीत, आऊट ऑफ प्रिंट झालेली कितीतरी. ग्रुप असेल, सोसायटी, ऑफिस, भिशी काहीही, तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' ची पेटी मागवा, तिच्यात तुम्ही स्वतःहून कधी उचलली नसतीत अशी पुस्तकं असतात आणि तोच तिचा फायदा. विकत कुठलं घ्यायचं, तर जे वाचताना पेन्सिल शोधावीशी वाटली ते. बागुल विकत घ्या, लक्ष्मीबाई विकत घ्या, 'ऋतुचक्र' तर घरात असलंच पाहिजे कारण महिने परत परत येतात. रहस्यकथा आणि धारप वाचनालयातून, एकदा शेवट कळला की कपाटात जागा अडते. आणि यशस्वी कसं व्हावं छापाची पुस्तकं कुठूनच नको, भाचीकडे आहेत, मी तुम्हाला तिच्याकडून फुकट मिळवून देते.